मदत हवी आहे: टाइप ५५ ची निगेटिव्ह एनलार्जरमध्ये सपाट कशी धरायची?

नमस्कार मंडळी,

डार्करूममध्ये अजून हात ओले करणारे इथे थोडेच असतील. जे आहेत त्यांनी कृपया सांभाळून घ्या, प्रश्न लांबलचक आहे.

माझ्या मामांनी मला पोलरॉइड टाइप ५५ च्या ४×५ इंची निगेटिव्हचा एक डबा दिला आहे. रामटेकची देवळं, नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे, फुटाळा तलावाची पाळ. ज्यांनी ही फिल्म पाहिली नाही त्यांच्यासाठी: ही सोलून काढायची झटपट फिल्म. एका शीटमधून कागदावरचा फोटोही मिळायचा आणि एनलार्जरमध्ये (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्रात) घालता येईल अशी खरीखुरी निगेटिव्हही. १९६१ मध्ये आली, २००८ मध्ये पोलरॉइडने बंद केली. पुढे न्यू५५ या नावाने अमेरिकेत तशीच फिल्म काही काळ निघाली, २०१७ अखेर तीही थांबली. त्यामुळे माझ्याकडे आहेत त्या एवढ्याच. ओरखडा पडला तर पडला.

निगेटिव्ह सुरेख आहेत. मामांनी त्या वेळीच सोडियम सल्फाइटच्या द्रावणात साफ करून, नीट धुऊन पाकिटात ठेवल्या होत्या. अडचण एकच, त्या सपाट राहत नाहीत. नेहमीची शीट फिल्म ०.१८ मिमीच्या पॉलिएस्टरवर असते, कॅरियरच्या, म्हणजे एनलार्जरमध्ये निगेटिव्ह धरणाऱ्या चौकटीच्या, कडांवर ठेवली की बऱ्यापैकी ताठ बसते. ही हाताला त्याहून पातळ लागते. त्यात सध्याची आपल्याकडची कोरडी उन्हाळी हवा! जिलेटिन सुकून आकसतं आणि निगेटिव्ह इमल्शनच्या (चित्र असलेल्या जिलेटिनच्या थराच्या) बाजूला पापडासारखी वळते.

एनलार्जर जुना ओमेगा डी-२ आहे, कंडेन्सरवाला, म्हणजे भिंगांनी उजेड एकवटणारा. लेन्स १५० मिमी, कागद ११×१४ इंच. आतापर्यंत काय काय झालं ते सांगतो.

बिनकाचेच्या कॅरियरमध्ये मध्यावर फोकस केला की कोपरे मऊ येतात, कोपऱ्यांवर केला की मधलं जातं. लेन्सचं छिद्र बारीक करत एफ/५.६ वरून एफ/१६ वर गेलं तर फोकसची खोली मिळते हे मान्य, पण ते तीन स्टॉप झाले, दर स्टॉपला उजेड निम्मा. म्हणजे दहा सेकंदांचं एक्स्पोजर ऐंशी सेकंदांचं. तेवढ्या वेळात दिव्याने निगेटिव्ह तापते आणि एक्स्पोजर चालू असतानाच टक्कन वर उचलली जाते. ज्या रोगावर औषध घेतलं तोच बळावला.

शिवाय मला टाइप ५५ ची ती कड हवी आहे, छिद्रांच्या खुणा आणि रसायनाचे ओघळ असलेली. कॅरियरची नेहमीची खिडकी ती झाकून टाकते.

म्हणून दोन काचांमध्ये दाबून पाहिली. सपाट झाली, कडही दिसली, पण आभाळभर न्यूटनची वलयं आली, म्हणजे काच आणि फिल्म टेकतात तिथे उमटणारे गोल पट्टे. त्यात धुळीला जागा किती? काचांच्या चार बाजू आणि फिल्मच्या दोन. आणि डार्करूम म्हणजे आमची न्हाणी, बाहेर हॉलमध्ये कूलर. मे महिन्यात कूलर बंद करा असं घरात कोण म्हणणार? तो चालू असला की खोलीत दमटपणा येतो, फिल्म काचेला चिकटते आणि वलयं वाढतात. बंद केला की निगेटिव्ह वळते आणि मीही वाळतो.

तर प्रश्न असे. काच एक लावावी की दोन? वलयं न येणारी काच नेमकी कुठल्या बाजूला? आणि चिकटपट्टीने ताणून बसवण्याचा कोणाला अनुभव आहे का?

---

लालदिवा

एकच काच लावा, वरून. कारण सांगतो. तुम्ही निगेटिव्ह इमल्शन खाली करून ठेवता, आणि ती वळतेही इमल्शनकडेच. म्हणजे कडा खाली, फुगवटा वर, दिव्याकडे. तापल्यावर उचलली जाते तीही वरच. वरच्या काचेने तो फुगवटा दाबला आणि खाली कडांना आधार मिळाला की काम झालं, खालच्या काचेची गरज नाही. धुळीच्या सहा बाजूंच्या चार होतील.

ती वरची काच अँटी-न्यूटन हवी, म्हणजे एका बाजूने अगदी बारीक खरखरीत केलेली. खरखरीत बाजू फिल्मच्या पाठीला टेकवायची. साध्या काचेत आणि फिल्मच्या चकचकीत पाठीत हवेचा जो बारीक थर उरतो, त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळले की वलयं दिसतात. पृष्ठ खरखरीत असलं की ती नीट तयारच होत नाहीत. इमल्शनची बाजू बहुधा त्रास देत नाही.

खाली काळ्या माउंटबोर्डची किंवा पातळ ॲल्युमिनियमची चौकट कापा. टाइप ५५ चं चित्र नेहमीच्या ४×५ पेक्षा लहान, साधारण साडेतीन बाय साडेचार इंच असतं. त्यामुळे कडेसकट खिडकी ठेवूनही टेकायला दोन-तीन मिमी मिळतील. ॲल्युमिनियम असेल तर आतली धार कानशीने घासून मग पॉलिश पेपर मारा. या फिल्मचं इमल्शन नाजूक असतं.

आणि फोकस थंड निगेटिव्हवर करू नका. दिवा मिनिटभर चालू ठेवा, तिला काय हलायचं ते हलू द्या, मग फोकस करा. नंतर लेन्सखाली लाल फिल्टर आडवा घालून (लाल उजेडाने कागद बिघडत नाही) कागद लावा आणि लगेच एक्स्पोजर द्या. मधे दिवा बंद केला तर निगेटिव्ह थंड होऊन परत जागा बदलते.

---

शाईचा_डाग

भाऊ, आमच्या प्रेसच्या लाइनीत वलयांवर जुना उपाय आहे, ऑफसेटची पावडर. कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारतात ती. काचेवर नावापुरती उडवली की फिल्म आणि काच यांच्यात फट राहते. इतवारीत कोणत्याही छपाईवाल्याला मागा, चिमूटभर फुकट देईल.

---

कोपऱ्यातला

एवढी झकझक करून राहिले त्यापेक्षा स्कॅन करून टाका ना राजेहो.

---

धागाकर्ता

@कोपऱ्यातला, स्कॅन आधीच केलेत, जपणूक म्हणून. पण निगेटिव्ह हातात असताना प्रिंटरमधून कागद काढायचा, हे मनाला पटत नाही. तेवढा हट्ट राहू द्या.

@शाईचा_डाग, उपाय डोक्यात ठेवतो, पण या निगेटिव्हवर नको. पावडर पुसायची म्हणजे पुन्हा घासणं आलं, आणि कंडेन्सरच्या उजेडात कणन् कण कागदावर उमटतो. साध्या फिल्मवर आधी करून पाहीन.

@लालदिवा, तुमचं पटलं. फुगवटा वर आहे तर खालच्या काचेला धरायला काही उरतच नाही, हे डोक्यात नव्हतं आलं. काल माउंटबोर्डची चौकट कापली. अँटी-न्यूटन काच मिळेना, म्हणून फोटोफ्रेमवाल्याकडून चमक न मारणारी मॅट काच आणली. वलयं गेली. कोपरे आता एफ/११ वरच धारदार येतात, त्यामुळे एक्स्पोजर निम्मं झालं. पण फ्रेमच्या काचेची खर भरड आहे, रामटेकच्या आभाळात रवाळपणा दिसतो. वाड्यांच्या भिंतींत तो खपून जातो, आभाळात नाही.

---

लालदिवा

फ्रेमची काच आणि कंडेन्सर यांचं जमत नाहीच. तात्पुरतं म्हणून कंडेन्सरच्या खाली, काचेच्या वर थोडं अंतर ठेवून पातळ दुधी ॲक्रिलिक घाला. उजेड पसरला की खर बरीच विरते. काँट्रास्ट उतरेल, तर मल्टिग्रेड (फिल्टरने काँट्रास्ट बदलता येणाऱ्या) कागदावर अर्धा-एक ग्रेड वर जा. एक्स्पोजर मात्र परत वाढेल.

चिकटपट्टीचं राहिलं होतं. आता गरज नाही, पावसाळ्यात लागेल. तेव्हा जिलेटिन ओल पिऊन फुगतं, बाक कमी होतो आणि निगेटिव्ह मधे खाली झोल खाते. वरची काच तिथे काही करू शकत नाही. कमी चिकट अशी ड्राफ्टिंग टेप घ्या, चित्राबाहेरच्या कोऱ्या भागात चारही कडांना लावा आणि समोरासमोरच्या कडा हलक्या ताणा. काढताना टेप फिल्मच्या सपाटीलगत मागे वळवून ओढा, सरळ वर उचलू नका.

---

धागाकर्ता

ॲक्रिलिकचा तुकडा साइनबोर्डवाल्याकडून आणतो.

एक विनंती. नागपूर, वर्धा, अमरावतीकडे कोणाच्या बंद पडलेल्या स्टुडिओत ४×५ एनलार्जरचा काचेचा कॅरियर पडून असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. फक्त वरची काच हवी, कोपरा तुटका असला तरी चालेल. घ्यायच्या आधी काच तिरकी धरून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. एका बाजूला ते लख्ख आणि दुसऱ्या बाजूला किंचित पुसट दिसलं तर तीच. पैसे रीतसर देईन, न्यायलाही मीच येईन.