मदत हवी आहे: कॅसेटवरील जुनी कीर्तने फ्लॅकमध्ये ठेवावीत की एमपी३मध्ये?

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा नारदीय कीर्तने करीत. त्यांच्या कीर्तनांच्या ७२ कॅसेट घरी आहेत. ४८ साठ मिनिटांच्या आणि २४ नव्वद मिनिटांच्या. फिती आता पुन्हा पुन्हा वाजवण्याजोग्या राहिलेल्या नाहीत, म्हणून त्या एकदाच नीट संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. प्रश्न असा, की काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या फ्लॅकमध्ये ठेवाव्यात, की थोडा तपशील टाकून ती आणखी लहान करणाऱ्या एमपी३मध्ये.

सीडीच्या दर्जाने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिट धरून, तासाभराच्या स्टिरिओ वेव्ह (न दाबलेल्या) फाइलला सुमारे ६३५ एमबी लागतात, म्हणजे ८४ तासांना साधारण ५३ जीबी. ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३मध्ये हेच सारे १२ जीबीत मावते. देवळात साध्या टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या आवाजाची एवढी बडदास्त कशाला, असे मामांचे म्हणणे आहे. आणि नुसते ऐकताना मलाही दोहोंत फरक कळला नाही, हे कबूल करतो.

तरीही मन एमपी३ला तयार होत नाही, ते कॅसेटच्या खरखरीमुळे. मोठ्या आवाजाखाली झाकला गेलेला बारीक आवाज कानाला कळणार नाही, असे धरून एमपी३ त्याचा बराचसा तपशील टाकून देते. पण पुढेमागे मी खरखर कमी करायला बसलो, तर ते झाकणच निघेल आणि झांजेच्या व तबल्याच्या ठोक्यांभोवतीची विकृती उघडी पडेल, अशी मला भीती वाटते. शिवाय दुरुस्त केलेली फाइल पुन्हा एमपी३ करताना दुसऱ्यांदा काटछाट होणार. फ्लॅकमधून मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. मात्र खरखरीचा अंदाज बांधता येत नसल्यामुळे ती फ्लॅकलाही फारशी दबत नाही. पहिल्या कॅसेटची फाइल वेव्हच्या निम्म्याहून मोठीच झाली.

जाणकारांना माझे विचारणे असे. पूर्वरंगात शांत असलेला आजोबांचा आवाज आख्यानात एकाएकी चढतो आणि मुद्रणाची पातळी थोडी जास्त ठेवली की फाटतो; अशा वेळी पातळी कमी ठेवून २४ बिटने मुद्रण करावे का, की कॅसेटच्या खरखरीपुढे १६ बिटही पुरेसे आहेत? मूळ मुद्रण मोनो आहे, तर फाइलमध्ये डावा-उजवा असे दोन्ही चॅनल ठेवावेत की एकच? आणि नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायच्या प्रतींसाठी ६४ केबीपीएसचे ओपस (एमपी३सारखाच तपशील टाकून फाइल लहान करणारा दुसरा प्रकार) चालेल का, की आत्याच्या गाडीतल्या जुन्या प्लेअरसाठी, ज्याला एमपी३खेरीज काही उमगत नाही, सगळ्यांनाच एमपी३ पाठवावे?