हर्बर्ट फुलर जहाजावरचे तीन खून आणि 'तांत्रिक मुद्द्यावर सुटलेला' ब्रॅम

खडूस_वाचक
परवा इथे कुणीतरी हर्बर्ट फुलर जहाजावरच्या १८९६ च्या खुनांबद्दल ठोकून दिलं की "फर्स्ट मेट ब्रॅमच खुनी, पुरावा स्वच्छ होता, पण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तांत्रिक मुद्द्यावर सोडून दिला". खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. प्रतिसाद लिहायला बसलो तो लांबला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पहिलं म्हणजे, कोर्टाने सोडलंच नाही. डिसेंबर १८९७ मध्ये पहिल्या खटल्यातली शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितलं. १८९८ मध्ये दुसऱ्या ज्यूरीनेही दोषीच ठरवलं, फक्त फाशी नको म्हणाली. जन्मठेप झाली. १९१३ ला पॅरोल, १९१९ ला अध्यक्ष विल्सनची माफी. एवढी वर्षं आत काढलेल्या माणसाला 'सोडून दिला' म्हणायचं?

आणि स्वच्छ पुरावा कुठला हो? जुलै १८९६. बोस्टनहून लाकूड भरून अर्जेंटिनातल्या रोसारिओला निघालेलं जहाज. १३ तारखेच्या मध्यरात्रीनंतर कप्तान नॅश, त्याची बायको लॉरा आणि सेकंड मेट ब्लँडबर्ग, तिघांना कुऱ्हाडीने तोडलं. फर्स्ट मेट, म्हणजे कप्तानाखालचा पहिला अधिकारी, ब्रॅम डेकवर पहाऱ्याला, ब्राऊन नावाचा खलाशी सुकाणूवर. बेड्या आधी ब्राऊनला पडल्या. त्या पडल्यावर त्याने सांगितलं की सुकाणूवरून खिडकीतून मी ब्रॅमला घाव घालताना पाहिलं. मग ब्रॅमला बेड्या. हा ब्राऊन, खरं नाव वेस्टरबर्ग, पूर्वी रॉटरडॅममध्ये भ्रमाच्या भरात एकावर गोळी झाडून आलेला. त्याच्या शब्दावर माणूस फासावर चढवायचा होता!

रातकिडा
'कुणीतरी' म्हणजे मीच. नाव घ्यायला लाज वाटली का?

ब्रॅमचं स्वतःचं बोलणं सोयीने गाळलंत. खुनांनंतर जहाज कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात नेलं. तिथला डिटेक्टिव्ह पॉवर त्याला म्हणाला, ब्राऊनने तुला पाहिलंय. ब्रॅमचं उत्तर: "त्याला मी दिसणं शक्य नाही. तो होता कुठे?" सुकाणूवर, पॉवर म्हणाला. "मग तिथून मी दिसणारच नाही." निरपराध माणूस म्हणेल, मी तिथे नव्हतोच. हा म्हणतोय, तिथून दिसणार नाही. अहो, कोन मोजतोय तो! आणि कुऱ्हाड सापडली तीही ब्रॅमलाच, आणि समुद्रात फेकली तीही त्यानेच.

खडूस_वाचक
फेकण्यापूर्वी 'टाकू का' म्हणून विचारलं होतं, आणि तो हार्वर्डचा विद्यार्थी मंक्स, जहाजावरचा एकमेव प्रवासी, 'टाक' म्हणाला होता. खलाशी तीच उचलून आपल्यावर धावतील ही भीती. ते नाही लिहिलंत.

जुनाट_वकील
रातकिडा, तुम्ही ज्या उत्तरावर नाचताय ते कसं घेतलं तेही सांगा. परक्या शहरात कोठडीतून डिटेक्टिव्हच्या ऑफिसात आणलेला, अंगावरचे कपडे उतरवलेले, समोर एकटा पोलीस. वर तो म्हणतो, मारलंस तूच याची मला खात्री आहे, पण साथीदार असेल तर बोल, सगळा दोष एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस. हे आमिष नाही तर काय? सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती व्हाइट यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं, म्हणून शिक्षा रद्द झाली. तीन न्यायाधीश विरोधात गेले हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सांगाल.

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यातच २५ वं कलम होतं, पोलिसासमोरची कबुली चालणार नाही. अमेरिकेच्या पंचवीस वर्षं आधी. आणि आज? माझ्या एका अशिलाला रात्रभर बाकावर बसवून ठेवलं, सकाळी पंचनाम्यात कोयता 'आरोपीने स्वखुशीने काढून दिला'. पंच कोण, तर चौकीसमोरचा चहावाला. गेल्या तीन केसमध्ये तोच पंच! आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढं बोलणं पुरावा म्हणून चालतं, ही २७ व्या कलमाची पळवाट आता नव्या कायद्यातही आहेच...

रातकिडा
वकीलसाहेब, तुमचा चहावाला जहाजावर नव्हता.

दर्यावर्दी
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, म्हणून एक साधा मुद्दा. ब्राऊनला खुनी म्हणणाऱ्यांनी सांगावं, चाक सोडून तो खाली गेला कसा? तीन डोलकाठ्यांचं जहाज, शिडं भरलेली. सुकाणूवाला हलला की जहाज वाऱ्यात तोंड घालणार, शिडं फडफडणार, डेकवरचा प्रत्येक जण मान वर करणार. तीन खून करून परत यायला वेळ कुठे होता?

हर्णेकर
चाक बांधायचं. झालं. आमचे आजोबा हर्णैहून मुंबईला गलबत न्यायचे. वारा बाजूने धरला की सुकाणूचा दांडा दोरीने अडकवायचे आणि चिलीम भरायला बसायचे. गलबत आपलं आपण चाले.

दर्यावर्दी
गलबत आणि बार्केंटाईन यात काही फरक असतो की नाही? पुढच्या डोलकाठीवर आडवी शिडं, मागच्या दोन्हींवर उभी. शिवाय डेकवरही लाकूड रचलेलं. आजोबांच्या गोष्टी घरी सांगा.

हर्णेकर
आजोबांवर जायचं काम नाही. ऑटोपायलटचं बटण दाबून कॉफी पिणाऱ्यांनी शिडाच्या जहाजावर बोलूच नये. वारा मागून असेल तर चाक सोडता येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बाजूने किंवा थोडा पुढून असेल तर शिडं नीट बसवून चाक बांधा, जहाज घटकाभर वाट सोडत नाही. मागच्या उभ्या शिडांमुळे तर आणखी सोपं.

दर्यावर्दी
शिडाच्या ट्रेनिंग जहाजावर मी चाक धरलेलं आहे. मिनिटभर लक्ष हटलं तर बोसनच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, शिव्या बसायच्या.

हर्णेकर
तुम्हाला बसत असतील.

कुंदाताई_ठाणे
तुमची दोरी आणि चाक चालू द्या. लॉरा नॅश कुणाला आठवतेय का? ब्रॅमवर खटला चालला तो कप्तानाच्या खुनाचा. ती तिच्या बिछान्यात मेली, ब्लँडबर्ग त्याच्या, आणि इथेही दोघांच्या वाट्याला एक ओळ. तिन्ही प्रेतं छोट्या होडीत ठेवून, वर कॅनव्हास बांधून, जुलैच्या उन्हात जहाजामागे हॅलिफॅक्सपर्यंत ओढत नेली. २१ तारखेला पोचले. इतके दिवस ती होडी मागे दिसतेय आणि खुनी यांच्यातलाच कुणी. ते सोडून इथे चिलीम चाललीय.

माझा प्रश्न मंक्सबद्दल. दोन्ही बाजूंना मृत्यू आणि मधल्या खोलीतला श्रीमंताचा मुलगा जिवंत कसा?

रातकिडा
त्याची खोली आतून बंद होती. किंकाळीने जागा झाला, पिस्तूल घेऊन बाहेर आला, दोन प्रेतं बघितली आणि वर गेला. तिथे ब्रॅम हातात फळी उचलून उभा! तेवढ्या काळोखात ब्रॅमने त्याच्यावर फळी फेकली, हे मंक्सचंच म्हणणं.

खडूस_वाचक
मध्यरात्री जिन्यातून पिस्तूल रोखलेला माणूस वर आला तर मीही हाताला लागेल ते फेकेन. तुम्ही काय आरती ओवाळाल?

जुनाट_वकील
आणखी एक. ब्रॅम सेंट किट्सचा, सावळा. त्याच्या रंगाची चर्चा तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी चवीने केली. मंक्सवर मात्र कधी आरोप ठेवला गेला नाही.

रातकिडा
आला! प्रत्येक धाग्यात शेवटी हे येतंच. दोन ज्यूरींनी दोषी ठरवलं, चोवीस माणसं, सगळी वर्णद्वेषी? दुसऱ्या खटल्याच्या आधी तर तुमच्या लाडक्या कोर्टाने ती कबुली बाद केली होती. तरी दोषीच.

खडूस_वाचक
दोषी, पण फाशी नको. १८९७ च्या जानेवारीत नवा कायदा आला तेव्हाच ज्यूरीला ही मुभा मिळाली. तीन झोपलेली माणसं कुऱ्हाडीने तोडणाऱ्याला दया कोण दाखवेल? ज्याच्या मनात पाल चुकचुकतेय तोच.

रातकिडा
हा मात्र बरा मुद्दा आहे. वर्षातून एखादा निघतो तुमच्याकडून. 'सोडून दिला' हे शब्द मागे घेतो. 'ब्रॅमच खुनी' हे नाही.

दर्यावर्दी
जुन्या शिडाच्या जहाजांवर काम केलेल्या एका ज्येष्ठ कप्तानांना फोन केला. त्यांच्या मते वारा बाजूचा आणि स्थिर असेल तर बांधलेल्या चाकावर जहाज थोडा वेळ राहू शकतं. हर्णेकर, आजोबांना नमस्कार.

हर्णेकर
पोचवतो. पण मग हेही ऐका. चाक बांधता येत असेल तर ब्राऊन खाली जाऊ शकला असता, मान्य. पण वर ब्रॅम होता ना पहाऱ्यावर? चाकावर माणूस नाही हे फर्स्ट मेटला कळलंच नाही?

खडूस_वाचक
तो जहाजाच्या पुढच्या भागात असेल.

हर्णेकर
असेल. हे 'असेल' रातकिड्याने लिहिलं असतं तर तुम्ही आणखी एक धागा काढला असता.