शब्दचर्चा : ‘प्रतिकारशक्ती’ की ‘प्रतिरोध’?

प्रश्न : प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविषयीचे राष्ट्रीय धोरण मत्स्यसंवर्धकांना समजावून देणाऱ्या पत्रकाच्या मसुद्यात ‘तळ्यांमध्ये प्रतिकारशक्ती वाढत आहे’ असे वाक्य आहे. ते चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मराठीत ‘प्रतिकारशक्ती’ हा गुण मानला जातो, त्यामुळे कोळंबी संवर्धकाला हे वाक्य शुभवार्ताच वाटेल. ‘प्रतिरोध’ लिहावे आणि कर्ता गाळू नये. प्रतिरोधी होतात ते जिवाणू, मासे नव्हेत. खाद्यातून दिलेले प्रतिजैविक माशांच्या पोटात जाते तसे न खाल्लेल्या खाद्यासोबत पाण्यात आणि तळाच्या गाळातही उतरते, आणि तिथल्या ज्या जिवाणूंवर ते परिणाम करू शकत नाही तेच टिकून वाढतात. म्हणून ‘तळ्यातील जिवाणू औषधाला जुमानेनासे झाले आहेत’ हे साधे वाक्य मला कोणत्याही पारिभाषिक शब्दापेक्षा सरस वाटते.

या प्रतिरोधाविषयीची भारताची पहिली राष्ट्रीय कृती योजना २०१७ मध्ये आली. तिचा रोख केवळ जिवाणूंविरुद्धच्या औषधांवर नाही, त्यामुळे धोरणाचे नाव देताना ‘प्रतिसूक्ष्मजीव प्रतिरोध’ हा बोजड शब्द सोसावा लागेल. पुढे मात्र ‘प्रतिजैविक’ पुरे. नुसते ‘औषध’ नको, कारण संवर्धक प्रोबायोटिक आणि जंतुनाशकालाही औषधच म्हणतात. कोळंबीचा पांढरे ठिपके रोग विषाणूजन्य असल्याने त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही, हेही त्याच ठिकाणी लिहावे.

पुरवणी : ‘अवशेष’ (मालात उरलेला औषधाचा अंश) आणि ‘प्रतिरोध’ यांची गल्लत अधिक घातक आहे. निर्यातीच्या मालात क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान ही बंदी असलेली प्रतिजैविके सापडली की माल नाकारला जातो, ती तपासणी अवशेषांची असते. काढणीपूर्वी वेळेवर औषध थांबवले तर अनुमत औषधाचे अवशेष मर्यादेत राहतात, पण तळ्यात निपजलेले प्रतिरोधी जिवाणू तेवढ्याने नाहीसे होत नाहीत. ‘अवशेषमुक्त’ माल म्हणजे धोरण पाळले गेले, असा अर्थ पत्रकातून निघता कामा नये.

‘लसीकरण’ हा शब्दही जपून वापरावा. नॉर्वेने सॅमनसाठी लसी आणून १९८७ नंतर प्रतिजैविकांचा वापर अत्यल्प केला, हे उदाहरण माशांपुरते योग्य आहे. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे लसीमुळे बनणारी रोगजंतूंविरुद्धची प्रथिने, तयार होत नाहीत, म्हणून तिच्या संवर्धकासाठी त्या जागी रोगमुक्त बीज (तळ्यात सोडायची पिल्ले) आणि तळ्याची स्वच्छता यांचाच उल्लेख असावा.