जीपीएसच्या घड्याळाला सिम लागतंच का?

शंकासूर
बाबा हल्ली रस्ते विसरतात. फिरायला जाणं सोडायला ते तयार नाहीत आणि ते सुटावं असं मलाही वाटत नाही. म्हणून त्यांच्यासाठी जीपीएसचं घड्याळ बघतेय. एक विक्रेता ठामपणे म्हणाला, "सिम कशाला? हे थेट उपग्रहाशी बोलतं." मला ते खरं वाटलं, कारण फोन विमान मोडवर असतानाही नकाशावरचा निळा ठिपका माझ्याबरोबर सरकत होता. म्हणजे मी कुठे आहे हे उपग्रहाला कळतं. मग बाबांची जागा मला का दिसू नये? कुणी नीट समजावेल का?

दर्यावर्दी
ताई, सिम लागतंच. विक्रेत्याचं बोलणं साफ चुकीचं आहे, आणि प्रश्न बाबांचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जहाजावर दिशा आणि मार्ग सांभाळणं हे माझं काम. जीपीएसचा उपग्रह आम्हाला दीपस्तंभासारखा: तो उजेड देतो, तो पाहून कोण वाट काढतंय याचा त्याला पत्ता नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह अखंड एवढंच सांगत असतो की मी अमुक जागी आहे आणि माझ्या अणुघड्याळात आत्ता इतके वाजलेत. तो संदेश खाली यायला साधारण ०.०७ सेकंद लागतात. घड्याळातला रिसीव्हर हा उशीर मोजतो, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणतो आणि अंतर काढतो.

अशी तीन अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी, पण मनगटावरचं घड्याळ साधं क्वार्ट्झचं. ते एका मायक्रोसेकंदाने जरी चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह घ्यायचा आणि स्वतःच्या घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशी मानून गणित सोडवायचं. जागेबरोबर अचूक वेळही हाती येते! इतकी वर्षं या कामात आहे, तरी ही युक्ती मला अजून थक्क करते. वर उपग्रहांची घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती आधीच केली नसती तर दिवसभरात दहा किलोमीटरची चूक साचली असती.

यात कुठेही तुमच्या फोनने वर काही पाठवलेलं नाही. विमान मोडमध्ये ठिपका सरकतो तो याचमुळे: गणित फोनच्या आत होतं आणि उत्तरही आतच राहतं.

माग काढणं हे वेगळं काम. आमच्याकडे त्यासाठी एआयएस नावाचं वेगळं यंत्र असतं. जीपीएसकडून मिळालेली जागा ते व्हीएचएफ रेडिओवरून, जहाज चालू असताना दर काही सेकंदांनी, आसपासच्या जहाजांना कळवतं. ते बंद केलं तर मला माझी जागा कळत राहते, पण इतरांना कळत नाही. बाबांच्या घड्याळात एआयएसचं काम सिम करतं.

सावली
दर्यावर्दींनी सगळं सांगितलंच आहे. मी आईसाठी असं घड्याळ वापरते म्हणून थोडी भर घालते. इमारतीत शिरलं की उपग्रहाचे संदेश जवळजवळ मिळेनासे होतात, ते मुळातच फार क्षीण असतात. मग घड्याळ आसपासच्या वायफायवरून आणि मोबाइल टॉवरवरून जागेचा अंदाज बांधतं. तेव्हा आई खुर्चीत बसलेली असते आणि ठिपका मात्र रस्त्यापलीकडे उडी मारतो. पहिल्यांदा पाहिलं की काळजात धस्स होतं. ठिपक्याभोवतीचं वर्तुळ बघत जा. ते मोठं असेल तर आपलं माणूस त्यात कुठेही असू शकतं.

जागा किती मिनिटांनी पाठवायची हेही तुम्हालाच ठरवावं लागेल. दर मिनिटाला ठेवलीत तर बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही.

शंकासूर
दोघांचेही मनापासून आभार. पिशवीत टाकायचे ते छोटे ब्लूटूथ टॅग बिनसिमचे असतात ना? ते चालतील का?

दर्यावर्दी
सहसा त्यांच्यात जीपीएस नसतंच. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनला टॅगचा संकेत मिळतो आणि तो फोन स्वतःची जागा कळवतो. गर्दीत ठीक, पण बाबा सामसूम वाटेला लागले तर काहीच दिसणार नाही. त्यांच्यासाठी एवढ्यावर विसंबू नका.

सिमचा आणखी एक फायदा आहे. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो. ती पूर्ण मिळायला, आकाश मोकळं असलं तरी, अर्धा मिनिट लागतो. सिम असेल तर बरीचशी घड्याळं तीच माहिती इंटरनेटवरून पटकन उतरवून घेतात. तरीही बाबा निघताना दारातून बाहेर, मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर थांबतील असं बघा, आणि तुमच्या फोनवर ताजी जागा उमटल्यावरच त्यांना पुढे जाऊ द्या.