लसीकरणाच्या आठवणी: सोलापूरकरांनो, लिहा

पूर्वभागातली:
आज भाचीला नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस द्यायला नेलं होतं. पुढे एक अव्वा नातवाला घेऊन बसलेल्या. सुई टोचताना त्याच्या कानात "एम कादु, एम कादु" (तेलुगूत, काही होत नाही) म्हणत होत्या. एकदम आई आठवली. विड्या वळून पिवळ्या पडलेल्या बोटांनी भावाचे गाल धरायची, मग पोलिओचे थेंब आत जायचे. २००० च्या आसपासची गोष्ट. त्या रविवारी त्याला कडेवर घेऊन बूथवर जायचं काम माझं. डाव्या करंगळीला शाई लावायचे आणि हा नेमकी तीच करंगळी चोखायचा! दोन दिवसांनी घरोघर फिरणाऱ्या ताईंना शाई दिसेना, त्यांनी परत थेंब पाजले. दोनदा झालं म्हणून आई घाबरली. ताई उंबऱ्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि तेलुगूत सांगितलं, जास्तीच्या थेंबांनी काही होत नाही, चुकलेल्या थेंबांनी होतं. त्या मराठी होत्या, गल्लीसाठी तेलुगू शिकलेल्या. तुमच्याही आठवणी लिहा.

नवीपेठकर:
आजोबांच्या दंडावर देवीचे दोन मोठे व्रण होते. आम्ही लहानपणी त्यात बोट घालून बघायचो. माझ्या डाव्या खांद्यावर पण आहे, ते देवीचंच का?

शेंगाचटणी:
@नवीपेठकर ८५ चा जन्म म्हणालास ना मागे? मग ती बीसीजी, क्षयाची. देवीचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, १९८० मध्ये जगातूनच गेल्याचं जाहीर झालं.

आयस्पॅक:
उपकेंद्रावर एकवीस वर्षं झाली. घाईत लिहितेय, उद्या सत्र आहे.
लोक म्हणतात, सिस्टर एका बाळासाठी बाटली फोडायला का कू करतात. अहो, बीसीजी आणि गोवर-रुबेलाची बाटली एकदा सोबतचं द्रावण घालून तयार केली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. म्हणून आशाताई आदल्या दिवशी सगळ्या आयांना एकाच वेळेला बोलावते. एप्रिलमधला आपला उन्हाळा माहितीच आहे. लस न्यायच्या कॅरिअरमध्ये चार आइसपॅक, तरी जीव बाटलीवरच्या, उष्णतेनं गडद होणाऱ्या चौकोनात. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट हवा, गोलाइतका गडद झाला की बाटली बाद. भर उन्हात चालत गेल्यावर चौकोन पांढरा दिसला की जे बरं वाटतं ते सांगता येत नाही.

अक्कलकोटची लेक:
सिस्टर 🙏 माझ्या लेकाला पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) दिल्यावर मांडीला गाठ आली होती. सासूबाई तेल लावून चोळणार होत्या, तुमच्यासारख्याच एका सिस्टरनी अडवलं.

चादरवाला:
लूमवरूनच टाइप करूलालोय. २०२१ ला वडिलांचा कोविडचा पहिला डोस झाला आणि मधेच अंतर १२ आठवड्यांवर गेलं. दुसऱ्या डोसला एका केंद्रावर पहाटे पाचपासून रांग, अकराला सांगितलं लस संपली. कुणीतरी सातलाच सांगायला पाहिजे होतं. साखळी पद्धतीनं काम, माल निघाला तरच पैसे, दिवस गेला. दुसऱ्या दिवशी परत गेले. रात्री ताप आला, सकाळी लूमवर. आता ७१ चे आहेत, ठणठणीत.

सातरस्ता:
लई भारी बे तुझे वडील.

कंबरतलाव:
माझा थोरला भाऊ ७८ चा. दीड वर्षाचा असताना ताप आला आणि उजवा पाय गेला. तेव्हा आमच्या वाड्यात थेंब कुणाला माहीत नव्हते. शाळेत जाताना त्याच्या कॅलिपरचा आवाज जिन्यात आधी यायचा, मग तो. वाइल्ड (नैसर्गिक) विषाणूच्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. दादानं ती बातमी कापून पाकिटात ठेवली. आजही आहे. नातीला थेंब पाजायला तोच नेतो, दुसऱ्या कुणाला नेऊ देत नाही.

पूर्वभागातली:
@कंबरतलाव डोळे भरून आले. दादांना नमस्कार सांगा.

शेंगाचटणी:
१३ जानेवारी म्हणजे गड्ड्याचे, आपल्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस की!

सातरस्ता:
गड्डा म्हटलं की भाग्यश्री वडा. यंदा कोण कोण येतंय?

अक्कलकोटची लेक:
मी येणार. आयस्पॅक सिस्टर, एक विचारायचं होतं, लेकाचा दहा वर्षांचा टीडी (धनुर्वात-घटसर्पाचा डोस) राहिलाय, आता अकरावं सुरू आहे. चालेल का?

आयस्पॅक:
चालेल. उद्याच आण. कार्ड घेऊन ये, आणि पोटात काहीतरी घालून आण पोराला.