प्रतिसाद: फिल वाजवताना लय पळते

ड्रमवर फिल (ग्रूव्हच्या, म्हणजे चालू ठेक्याच्या, मधे भरलेला छोटा तुकडा) वाजवताना लय पळते, असा प्रश्न होता; त्यावर आणखी पॅटर्न पाठ करायचा उपाय एकाने सुचवलाय. मला ते पटत नाही. आधी फिल छोटा करा.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. तीन बार (चार-चार बीटची आवर्तनं) साधा ग्रूव्ह, आणि चौथ्या बारमध्ये फक्त शेवटच्या बीटवर स्नेअरवर (समोरच्या मुख्य ड्रमवर) सोळांशाचे, म्हणजे एका बीटमध्ये समान अंतराने, चार स्ट्रोक. लगेच पुढच्या बारच्या १ वर, म्हणजे पहिल्या बीटवर, क्रॅश (मोठी झांज) आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकत्र. फिलचं सगळं मोल या १ वर नेमकं उतरण्यात आहे! डाव्या पायाने हाय-हॅट (पेडलने मिटणारी झांजांची जोडी) २ आणि ४ वर चालू ठेवा, मोजणीही तोंडाने चालू राहू द्या. लय बहुतेक वेळा टॉमकडे (स्नेअरभोवतीच्या बाकी ड्रमकडे) हात नेण्याच्या घाईत सुटते, म्हणून टॉम नंतर.

हे स्थिर झालं की तेच चार स्ट्रोक वाटून द्या: दोन स्नेअरवर, दोन फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमवर). मग त्यातला एखादा गाळून बघा. तिसरा गाळला तरी फिल एकदम वेगळा वाटतो. पॅराडिडलचे (हातांचा क्रम: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा) अ‍ॅक्सेंट, म्हणजे जोरकस स्ट्रोक, टॉमवर नेणं ही पुढची पायरी.

आणि स्वतःचा फिल बनवायचा असेल तर आधी तोंडाने म्हणा. तोंडाने म्हणता येत नाही तो हातातूनही स्वच्छ निघत नाही.