मदत हवी आहे: आठ शब्द उरलेत, एकच संधी शिल्लक (उत्तर नको, इशारा हवा)

नमस्कार मंडळी,

आजच्या कोड्यात बाबा आणि मी सकाळपासून अडकलोय. थेट उत्तर कृपया लिहू नका, फक्त दिशा दाखवा.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी: १६ शब्द दिलेले असतात, त्यांचे चार-चारचे चार गट पाडायचे. प्रत्येक गटाला बांधणारं एक सूत्र असतं. चौथी चूक झाली की खेळ संपला. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ साली इंग्रजीत सुरू केलेलं 'कनेक्शन्स' असंच आहे. त्यात सगळ्यात सोपा गट पिवळा आणि सगळ्यात अवघड जांभळा. नेरुळला राहणारी माझी भाची त्याच धर्तीवर रोज मराठी कोडं रचते आणि आम्हाला ठाण्याला व्हॉट्सॲपवर पाठवते. आम्ही चार शब्द कळवले की 'बरोबर', 'चूक' किंवा 'एकच चुकलाय', एवढंच तिचं उत्तर.

आई-बाबा पेपरातलं शब्दकोडं जोडीने सोडवायचे. आई गेल्यावर बाबांनी त्या पानाकडे बघणंच सोडलं. आता कुठे ते पुन्हा शब्दांत रमायला लागलेत, म्हणून आजचं कोडं अर्धवट टाकावंसं वाटत नाहीये.

उंबरा, बदाम, आठवण, किलवर
पिस्ता, कोयंडा, सातारा, चौकट
पाचोळा, काजू, इस्पिक, कडी
बेदाणा, बिजागरी, चारोळी, अक्रोड

बाबा कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या चिठ्ठ्या कापतात, एकेकीवर एकेक शब्द लिहितात आणि जेवणाच्या टेबलावर मांडतात. तोवर पंखा बंद. पहिल्यांदा आम्ही बदाम, काजू, पिस्ता, अक्रोड पाठवले. 'एकच चुकलाय.' मग बाबांनी बदाम उचलून किलवर-इस्पिकच्या शेजारी ठेवला. दर सुट्टीत घरी बदाम सात रंगायचा, तरी आधी लक्षात आलं नव्हतं! चौकटही दारातून उठून पत्त्यांत गेली. दाराला राहिले उंबरा, कडी, कोयंडा, बिजागरी. हे दोन्ही गट बरोबर आले.

उरलेल्या आठांत सुकामेव्याचे पाच आणि पलीकडे आठवण, सातारा, पाचोळा. पाचातला एक पलीकडचा, हे उघड आहे. बेदाणा तासगावचा, म्हणून सातारच्या जवळचा, असं म्हणून तो काढला: चूक. पाचोळा झाडाचा म्हणून अक्रोड काढला: तीही चूक. माझा संशय चारोळीवर आहे, कारण आठवणींवर चारोळ्या लिहितात. पण मग सातारा आणि पाचोळा कशाला आलेत? बाबांचं म्हणणं, 'कारण सांगता येत नसेल तर चिठ्ठी हलवायची नाही.' मलाही ते पटतं.

अर्थाने सूत्र सापडत नाही तेव्हा तुम्ही कसं शोधता?

प्रतिसाद १
एका गटात पाच शब्द दिसले की काहीच पाठवू नका. त्या पाचांतल्या कोणाला दुसरं घर आहे ते आधी बघा. बदामाला होतं, चौकटीला होतं. आणि सुरुवात नेहमी एकाच घरच्या शब्दांपासून करा. किलवर आणि इस्पिक पत्त्यांशिवाय कुठे जाणार? पहिली चूक तिथेच वाचली असती. चारोळीबद्दल तुमच्या बाबांसारखंच माझंही मत, कारण सापडेपर्यंत थांबा.

प्रतिसाद २
ताई, तुम्ही अजून अर्थच शोधताय. तो पूर्ण बाजूला ठेवा. इंग्रजी कोड्यातल्या जांभळ्या गटातही पुष्कळदा शब्दच फोडावा लागतो. मराठीत त्यात आणखी एक मेख आहे: मात्रा अक्षराला चिकटते, त्यामुळे आत लपलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र ऐकू येतो. चिठ्ठ्या पालथ्या करा. एकाने सावकाश म्हणायचं, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं. आठवणपासून सुरू करा, त्यात मात्रेची भानगड नाही.

धागाकर्ती
सुटलं!! दोघांचेही मनापासून आभार.

बाबा डोळे मिटून बसले, मी म्हणत गेले. 'आठ... वण.' बाबा म्हणाले, 'पुन्हा म्हण.' मग 'सात... आरा' म्हटल्याबरोबर त्यांनी टेबलावर हात आपटला आणि पुढचे दोन स्वतःच म्हणाले. चिठ्ठ्या त्यांनी क्रमाने लावल्या: चारोळी, पाचोळा, सातारा, आठवण. पाचोळा आणि सातारा यांच्यामध्ये सहासाठी बोटभर जागा मोकळी सोडली. भाचीचं 'बरोबर' लगेच आलं.

आता बाबांना तिच्यासाठी कोडं रचायचंय, तेव्हा अजून एक मदत हवी आहे. एक गट ठाण्यातल्या तलावांचा: मासुंदा, कचराळी, रायलादेवी, उपवन. उपवन तिला बागेकडे ओढेल, म्हणून दुसरा गट उद्यान, वाटिका, बगीचा आणि राई. तिसरा फोडणीचा: जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, म्हणजे राई तिकडेही खेचेल. चौथा गट अजून सुचलेला नाही. आमराई म्हणतो त्या अर्थाने राई बागेत बसते असं बाबांचं म्हणणं. मला वाटतं नुसती राई वाचून कोणाला झाडं आठवणार नाहीत. हे चालेल का? उद्या सकाळी ती ऑफिसला निघायच्या आत पाठवायचंय.